मुक्तीचें श्रेय आणि मुक्तीचें ऋण

इतिहासांत कांहीं प्रश्न असे असतात कीं, ते वरवर पाहतां केवळ माहितीचे दिसतात. दप्तरें चाळलीं, तारखा जुळविल्या, म्हणजे त्यांचें उत्तर आपोआप हातीं येईल असें वाटतें. परंतु दप्तरें चाळून होतात, तारखांविषयीं दोन्ही पक्षांचें एकमत होतें, आणि तरीहि वाद मिटत नाहीं. अशा वेळीं वादाचें मूळ नीतिविचारांत आहे असें समजावें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील गुलामगिरी कोणीं नष्ट केली, हा तेथील इतिहासकारांचा वाद याच जातीचा आहे. १८६० च्या खानेसुमारींत त्या देशांत सुमारें साडेएकोणचाळीस लाख माणसें गुलाम म्हणून नोंदलेलीं होतीं. डिसेंबर १८६५ मध्यें राज्यघटनेची तेरावी दुरुस्ति संमत झाली आणि गुलामगिरीचा कायदेशीर आधार नाहींसा झाला. मधल्या पांच वर्षांत काय काय घडलें हें बहुतांशीं निर्विवाद आहे. तें कोणामुळें घडलें, या एका प्रश्नावर मात्र गेलीं नव्वद वर्षें शाई खर्ची पडत आहे.

जुनें आणि लोकमान्य उत्तर असें कीं, गुलामांना अब्राहाम लिंकननें मुक्त केलें. १ जानेवारी १८६३ रोजीं त्यानें जाहीरनामा काढून बंडखोर मुलखांतील गुलाम यापुढें मुक्त असल्याचें घोषित केलें, आणि शाळेच्या पुस्तकांतून व चौकांतील पुतळ्यांतून तो मुक्तिदाता म्हणून उभा राहिला. पुढें चार्ल्स आणि मेरी बीअर्ड या दांपत्यानें १९२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या यादवी युद्धाला उत्तरेकडील कारखानदारी आणि दक्षिणेकडील मळेशाही यांच्या झगड्याचें रूप दिलें. त्या चित्रांत व्यक्तीचें श्रेय फिकें पडलें आणि आर्थिक शक्ति पुढें आल्या. या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट समान होती. ज्यांच्या मुक्तीची ही कथा, ते चाळीस लाख लोक तींत कोठेंच कांहीं करतांना दिसत नव्हते. त्यांना कोणी तरी मुक्त करीत होतें, किंवा कांहीं तरी मुक्त करीत होतें. ते स्वतः वाट पाहत बसले होते.

या समजुतीला पहिला मोठा धक्का डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनीं १९३५ सालीं दिला. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या पुनर्रचनाकालीन इतिहासावरील आपल्या ग्रंथांत त्यांनीं एका प्रकरणाला ‘सार्वत्रिक संप’ असें नांव दिलें. त्यांचें म्हणणें असें कीं, युद्ध सुरू होतांच गुलामांनीं आपले श्रम मळेवाल्यांकडून काढून घेतले आणि ते उत्तरेच्या सैन्याकडे नेले. दक्षिणेचें सैन्य ज्या शेतीवर पोसलें जात होतें ती शेती गुलामांच्या हातांनीं चालत असल्यामुळें ते हात निघून जातांच तिचा पाया खचला. त्या काळच्या विद्यापीठीय इतिहासकारांनीं या ग्रंथाकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. परंतु १९७६ सालीं मेरिलंड विद्यापीठांत आयरा बर्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं सरकारी दप्तरखान्यांतील कागद पद्धतशीरपणें तपासण्याचें काम हातीं घेतलें. १९८२ पासून जे खंड बाहेर पडूं लागले त्यांत पळून आलेल्या गुलामांच्या जबान्या, सैनिकांचे अर्ज, छावणीवरील अधिकाऱ्यांचीं पत्रें असें साहित्य भरलेलें आहे, आणि त्यानें डू बॉइस यांच्या मुख्य म्हणण्याला मोठाच दुजोरा दिला.

त्या कागदांतून जें दिसतें त्याचा एक नमुना पाहावा. मे १८६१ मध्यें, युद्धाला जेमतेम सहा आठवडे झाले असतां, व्हर्जिनियांतील फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउन्सेंड हे तीन गुलाम एका रात्रीं उत्तरेच्या ताब्यांतील फोर्ट मन्रो या किल्ल्यावर येऊन दाखल झाले. त्यांच्या धन्यानें त्यांना बंडखोरांच्या तोफांचा मोर्चा बांधण्याच्या कामावर लावलें होतें. दुसऱ्या दिवशीं धन्याचा माणूस पांढरें निशाण घेऊन त्यांना परत मागावयास आला. किल्ल्याचा सेनापति बेंजामिन बटलर हा मूळचा वकील. तो म्हणाला, व्हर्जिनिया स्वतःला परकें राष्ट्र म्हणवितें, तेव्हां पळालेले गुलाम परत करण्याचा आमचा कायदा तिला लागू नाहीं. आणि हे तिघे शत्रूच्या युद्धकार्यांत वापरले जात होते, म्हणून आम्ही त्यांना युद्धांतील माल समजून जप्त करतों. माणसाला माल ठरवूनच त्याला मालकापासून सोडविण्याची ही हिकमत मोठी विलक्षण होती. पण बातमी पसरली, आणि दोन महिन्यांत त्या किल्ल्याच्या आश्रयाला सुमारें नऊशें स्त्रीपुरुष आणि मुलें जमलीं.

आतां यापुढील कायद्यांचा क्रम लावून पाहावा. ऑगस्ट १८६१ मध्यें काँग्रेसनें बटलरच्या हिकमतीला कायद्याचें रूप दिलें. मार्च १८६२ मध्यें पळून आलेल्यांना परत करण्यास लष्करी अधिकाऱ्यांना मनाई झाली. जुलै १८६२ मध्यें बंडखोर धन्यांच्या आश्रयास आलेल्या सर्व गुलामांना मुक्त ठरविण्यांत आलें, आणि जानेवारी १८६३ मध्यें जाहीरनामा निघाला. याच काळांत लिंकननें स्वतः दोन वेळां पाऊल मागें घेतलेलें आहे. सप्टेंबर १८६१ मध्यें सेनापति फ्रीमाँट यानें मिसूरींत काढलेला मुक्तीचा हुकूम त्यानें बदलावयास लावला, आणि मे १८६२ मध्यें सेनापति हंटरचा तसाच हुकूम रद्द केला. म्हणजे राज्यकर्ते अजून चाचपडत असतां किल्ल्याच्या दाराशीं माणसें येऊन उभीं राहिलेलीं होतीं. त्यांचें काय करावयाचें हा प्रश्न टाळतां न येण्याजोगा त्यांनींच केला. बार्बरा फील्ड्स आणि बर्लिन यांनीं याच आधारावर असा सिद्धांत मांडला कीं, मुक्तीचे प्रमुख कर्ते गुलाम स्वतःच होत.

या सिद्धांताला उत्तर दिलें जेम्स मॅक्फर्सन या युद्धेतिहासाच्या थोर अभ्यासकानें. त्यांची कसोटी सरळ आहे. कोणती गोष्ट नसती तर मुक्ति घडलीच नसती? गुलाम तर युद्धापूर्वींहि पळत होते. १८५० च्या खानेसुमारींत वर्षाकांठीं पळालेल्यांचा आकडा सुमारें एक हजार आहे. १८३१ मध्यें नॅट टर्नरनें व्हर्जिनियांत उठावहि केला, आणि तो थोड्याच दिवसांत चिरडला गेला. तेवढ्यानें गुलामगिरीची वीट हलली नाहीं. युद्ध झालें म्हणून ती हलली. आणि युद्ध होण्यास लिंकनची निवडणूक, गुलामगिरीच्या विस्तारास त्याचा ठाम नकार, आणि फुटून निघालेल्या संस्थानांना जाऊं न देण्याचा त्याचा निर्धार हीं कारणें झालीं. १८६४ च्या उन्हाळ्यांत आपण निवडणूक हरणार असें त्याला वाटत असतांनाहि, तहाच्या अटींतून मुक्तीची अट गाळण्याचा सल्ला त्यानें अखेर मानला नाहीं. यावरून मॅक्फर्सन यांचा निष्कर्ष असा कीं, एकच नांव घ्यावयाचें तर तें लिंकनचेंच घेतलें पाहिजे.

येथें आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. ‘जें नसतें तर कार्य घडलें नसतें तें कारण’ ही कसोटी कारण शोधण्यास उत्तम आहे. पण तीच श्रेय ठरविण्यास वापरली तर काय होतें तें पाहावें. फेब्रुवारी आणि मार्च १८६१ मध्यें, युद्धाच्या उंबरठ्यावर, काँग्रेसच्या दोन्ही गृहांनीं एक घटनादुरुस्ति मंजूर केली. तिचा आशय असा कीं, संस्थानांतील गुलामगिरींत ढवळाढवळ करण्याचा अधिकार काँग्रेसला कधींहि देतां येऊं नये. लिंकननें आपल्या पहिल्या अध्यक्षीय भाषणांत तिला आपली हरकत नसल्याचें सांगितलें. दक्षिणेनें ही देणगी स्वीकारून संघराज्यांत राहावयाचें ठरविलें असतें, तर १८६५ मध्यें गुलामगिरी संपली असती असें कोण म्हणूं शकेल? दक्षिणेनें ती लाथाडली आणि फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या. मग ‘जें नसतें तर’ ही कसोटी सर्वांत अधिक कोणाला लागू पडते? जेफर्सन डेव्हिस आणि त्याच्या साथीदारांना! गुलामगिरी टिकावी म्हणून ज्यांनीं राज्य फोडलें, त्यांच्या त्या कृत्यावांचून ती इतक्या लवकर नष्ट झाली नसती. तरी त्यांना मुक्तिदाते म्हणावयास कोणी तयार होणार नाहीं. ज्याच्यामुळें गोष्ट घडते त्याला तिचें श्रेय असतेंच असें नाहीं, हें यावरून उघड होतें. श्रेयाला हेतु लागतो. आणि हेतूची किंमत, कर्त्यानें त्यासाठीं जाणूनबुजून काय पणाला लावलें यावरून ठरते.

ही दुसरी कसोटी लावली म्हणजे चित्र बदलतें. उत्तरेचे बहुसंख्य सैनिक संघराज्य राखावें म्हणून लढावयास निघाले होते. लिंकननें ऑगस्ट १८६२ मध्यें एका संपादकाला लिहिलेल्या पत्रांत आपला मुख्य हेतु संघराज्य वांचविणें हाच असल्याचें स्वच्छ सांगितलें, आणि एप्रिल १८६४ च्या एका पत्रांत, घटनांना आपण वळण लावलें असा आपला दावा नसून घटनांनींच आपल्याला वळविलें, अशी कबुली दिली. ती कबुली त्याच्या थोरपणाला शोभणारी आहे. मुक्ति हाच पहिल्या दिवसापासून ज्यांचा हेतु होता असे त्या रणांगणावर मुख्यतः दोन वर्ग होते, तीस वर्षें हेटाळणी सोसलेले दास्यविरोधी प्रचारक, आणि गुलाम. त्यांतहि पणाला काय लावलें गेलें हें पाहिलें तर गुलामांचें पारडें जड होतें. मे १८६२ मध्यें रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम खलाशानें चार्ल्स्टनच्या बंदरांतून ‘प्लँटर’ नांवाची बंडखोरांची आगबोट पळविली. बोटीवर त्याची बायकामुलें होतीं आणि बाजूला किल्ल्यांच्या तोफा होत्या. बेत फसला असता तर सर्वांचेंच मरण ठरलेलें होतें. पुढें सैन्यांत जे सुमारें एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय शिपाई दाखल झाले त्यांतील बहुतेक दास्यांतून आलेले होते, आणि सुमारें चाळीस हजार परतले नाहींत. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर मिळत असतां त्यांना कपड्यांचे पैसे कापून सात डॉलर मिळत. जून १८६४ मध्यें काँग्रेसनें समान वेतन मान्य करीपर्यंत मॅसॅच्युसेट्सच्या चौपन्नाव्या पलटणीनें असा कमी पगार घेण्याचें नाकारलें. वेतन न घेतां लढणारा हा शिपाई काय मागत होता तें सांगावयास नको.

म्हणून डू बॉइस आणि बर्लिन यांचा पक्ष आम्ही सर्वस्वीं मान्य करावा काय? तसेंहि नाहीं. पळून जाऊन मिळविलेलें स्वातंत्र्य हें पळूं शकणाऱ्याचें स्वातंत्र्य असतें. किल्ल्यापासून चार कोसांवर राहणारा तरुण एका रात्रींत मुक्त झाला. पण म्हातारा, आजारी, कडेवर मूल घेतलेली बाई, किंवा शेंकडों कोस दूर टेक्ससच्या मळ्यावर हांकून नेलेला माणूस यांनीं काय करावें? टेक्ससमधील गुलामांना मुक्तीचा हुकूम १९ जून १८६५ रोजीं, मुख्य बंडखोर सेनापतीच्या शरणागतीनंतर दोन महिन्यांनीं, गॅल्व्हस्टन येथें वाचून दाखविण्यांत आला. तोहि सैन्य पोंचलें म्हणूनच. केंटकी आणि डेलावेअर हीं संस्थानें संघराज्यांतच राहिलीं असल्यामुळें तेथें जाहीरनामा लागूच नव्हता. त्यांनीं घटनादुरुस्तीलाहि नकार दिला, आणि तेथील उरलेले गुलाम मुक्त झाले ते इतर संस्थानांच्या संमतीनें ती दुरुस्ति अंमलांत आल्यावर. जानेवारी १८६५ मध्यें प्रतिनिधिगृहांत ती ११९ विरुद्ध ५६ मतांनीं संमत झाली, आणि मागील जून महिन्यांत ती याच गृहांत पडली होती, हें ध्यानीं घेतलें म्हणजे लिंकन आणि त्याचे सहकारी यांनीं त्या मधल्या काळांत केलेल्या खटपटीचें मोल कळतें. जेम्स ओक्स यांनीं २०१२ सालच्या ग्रंथांत दाखविल्याप्रमाणें त्याच्या पक्षांतील अनेक जण तर आरंभापासूनच या दिशेनें बुद्धिपुरस्सर पावलें टाकीत होते. एकेकानें हिसकावून घेतलेली मोकळीक सर्वांचा हक्क करून देणें आणि ती उलटवितां येणार नाहीं अशी व्यवस्था करणें, हें कायद्याचें काम आहे. तें गुलाम एकटे करूं शकले नसते. स्वातंत्र्याची मागणी त्यांनीं अटळ केली. तिला व्यापकता आणि कायमपणा राज्यकर्त्यांनीं दिला. आणि दोहोंच्या मध्यें साडेतीन लाखांवर मेलेल्या उत्तरेकडील सैनिकांचें रक्त आहे, मग त्यांतील पुष्कळांचा हेतु कांहींहि असो.

इतकें कबूल केल्यावर वाचक विचारतील कीं, मग हा वाद एवढा चुरशीचा कां? प्रत्येकाला त्याचा वांटा देऊन मोकळें कां होऊं नये? आमच्या मतें याचें कारण असें कीं, श्रेयाच्या प्रश्नाआड ऋणाचा प्रश्न दडलेला आहे. मुक्ति हें दान मानलें, कीं घेणारा ऋणी होतो आणि देणारा सावकार. मग किती दिलें याबद्दल घेणाऱ्यानें तक्रार करावयाची नसते. हें नुसतें तर्कट नव्हे. त्या काळच्या हिशेबांत तें आंकड्यांनीं लिहिलेलें आहे. ब्रिटिश पार्लमेंटनें १८३३ सालीं आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद करतांना दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली ती धन्यांना. गुलामांना कांहीं नाहीं. एप्रिल १८६२ मध्यें वॉशिंग्टन शहरांतील गुलाम मुक्त झाले तेव्हां राजनिष्ठ धन्याला प्रत्येक गुलामामागें तीनशें डॉलरपर्यंत मिळाले. मुक्त झालेल्याला मिळण्यासारखे फार तर शंभर, तेहि तो देश सोडून जावयास तयार असेल तर! ज्याचें आयुष्य चोरीस गेलें त्यालाच या व्यवहारांत उपकृत ठरविण्यांत आलें.

जमिनीच्या प्रश्नांत हेंच पुन्हां दिसलें. जानेवारी १८६५ मध्यें सेनापति शर्मन यानें समुद्रकांठची पट्टी मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंतच्या तुकड्यांनीं वांटण्याचा हुकूम काढला, आणि सुमारें चाळीस हजार लोक तेथें वसले. त्याच वर्षाच्या शरदांत अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याच्या धोरणानें ती जमीन माफी मिळालेल्या जुन्या मळेवाल्यांकडे परत जाऊं लागली. ही वार्ता सांगावयास सेनापति हॉवर्ड एडिस्टो बेटावर गेला, तेव्हां तेथील लोकांनीं त्याला आणि अध्यक्षाला अर्ज लिहिले. त्या अर्जांचा रोख असा होता कीं, सरकाराशीं आम्ही एकनिष्ठ राहिलों, जमीन आमच्या श्रमांनीं पिकली, आणि ती मात्र सरकाराविरुद्ध लढलेल्यांना मिळते. यांत दानाची याचना नाहीं. हक्काचा दावा आहे. तो दावा ऐकला गेला नाहीं, आणि पुढील शंभर वर्षें त्या समाजाला जें सोसावें लागलें त्याचें एक मूळ येथें आहे.

१८७६ सालीं वॉशिंग्टन येथें लिंकनचें एक स्मारक उभें राहिलें. त्यासाठीं पहिले पांच डॉलर शार्लट स्कॉट या मुक्त झालेल्या बाईनें दिले होते, आणि निधि मुख्यतः मुक्त झालेल्या लोकांनींच जमविला. पण शिल्प कसें असावें हें ठरविणें त्यांच्या हातीं नव्हतें. शिल्पांत लिंकन उभा आहे आणि त्याच्या पायाशीं एक कृष्णवर्णीय पुरुष गुडघा टेकून आहे. अनावरणाच्या वेळीं फ्रेडरिक डग्लस बोलला. स्वतः गुलामगिरींतून पळून आलेल्या या वक्त्यानें अध्यक्ष ग्रँट याच्या समोर सांगितलें कीं, लिंकन हा मुख्यतः गोऱ्या लोकांचा अध्यक्ष होता. परंतु ज्या देशाच्या लोकमताशीं त्याला बांधून घ्यावें लागलें तें पाहतां त्याचें पाऊल जलद आणि निश्चयाचें होतें. कांहीं दिवसांनीं एका पत्रांत त्यानें इच्छा दर्शविली कीं, मरण्यापूर्वीं आपल्याला गुडघ्यावर नसून पायांवर उभ्या असलेल्या कृष्णवर्णीयाचें स्मारक पाहावयास मिळावें. हें पत्र अभ्यासकांच्या नजरेस पुन्हां आलें तें २०२० मध्यें. त्याच वर्षीं बोस्टन येथील त्या शिल्पाची प्रतिकृति हलविण्यांत आली. कृतज्ञता आणि मिंधेपणा यांतील सीमा डग्लसनें ज्या अचूकपणें आंखली, ती आजहि या वादांत उपयोगी पडण्याजोगी आहे. अन्याय थांबविण्यासाठीं ज्यानें स्वतः झीज सोसली, त्याच्या त्या झिजेबद्दल आभार मानावे. स्वातंत्र्याबद्दल आभार मानण्याचें कारण नाहीं, कारण ती वस्तु देणाऱ्याची कधीं नव्हतीच.

महाराष्ट्राचा या विषयाशीं एक जुना संबंध आहे. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ संयुक्त संस्थानांतील सज्जनांना, गुलामांच्या मुक्तीसाठीं त्यांनीं दाखविलेल्या निरपेक्ष वृत्तीबद्दल, अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनीं त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा प्रकट केली. आजच्या इतिहासकारांच्या तराजूंत ही अर्पणपत्रिका ‘दाना’च्या बाजूला पडेल असें कोणी म्हणेल. पण जोतीरावांनीं पुढें काय केलें तें पाहावें. ग्रंथांत त्यांनीं शूद्रातिशूद्रांना त्यांच्या दास्याचा इतिहास सांगितला, म्हणजे आपली स्थिति त्यांनीं आपण होऊन ओळखावी. आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्यांनीं सत्यशोधक समाज स्थापन केला. दूरच्या सज्जनांचे आभार त्यांनीं मोकळ्या मनानें मानले, पण आपल्या लोकांना सज्जनांची वाट पाहत बसावयास सांगितलें नाहीं. एकाच माणसाच्या ठायीं या दोन गोष्टी सुखानें नांदल्या, यावरून त्यांच्यांत विरोध नाहीं असें ठरतें.

इतिहासकारांचा वाद चालूच राहील, आणि तो राहावाहि; नवे कागद निघतील आणि वांट्यांचे आंकडे थोडे इकडेतिकडे होतील. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ‘कोणामुळें घडलें’, ‘श्रेय कोणाचें’ आणि ‘ऋण कोणावर’ हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत, आणि पहिल्याचें उत्तर उचलून तिसऱ्याच्या जागीं बसविलें म्हणजे अन्याय होतो. पहिल्याच्या उत्तरांत बंडखोरांनाहि जागा आहे. दुसऱ्याच्या उत्तरांत फोर्ट मन्रोच्या दाराशीं रात्रीं आलेले तिघे अग्रभागीं आहेत, आणि लिंकन त्यांच्या मागोमाग, पण मानाच्या जागीं आहे. तिसऱ्याचें उत्तर मात्र आजवर उलटें लिहिलें गेलें आहे. एडिस्टो बेटावरील अर्जदारांचें सरकाराकडे येणें होतें, आणि तें कधींच चुकतें झालें नाहीं.